सेवाभावी संस्थांचे धोरणात्मक अंदाजपत्रक : पिंपळे गुरव ते चाकण पट्ट्याचा आढावा

पवना नदीच्या काठचे पिंपळे गुरव, नदीपलीकडची दापोडी-कासारवाडी, उत्तरेला भोसरी आणि पुढे नाशिक रस्त्याने चाकण हा पट्टा कारखान्यांनी घडविला. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली, १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली आणि पुढे चाकणला मोटारउद्योग आला. कारखान्यांमागोमाग मराठवाडा, खानदेश आणि विदर्भातून कुटुंबे येऊन स्थिरावली, आणि त्यांच्या गरजा पाहून अभ्यासिका, बालवाड्या, शिवणवर्ग, आरोग्य शिबिरे चालविणाऱ्या लहानमोठ्या संस्था उभ्या राहिल्या. या संस्थांचा पैशाचा प्रश्न बहुधा देणगी कशी मिळवावी एवढ्यापुरता मांडला जातो. प्रस्तुत आढाव्याचा विषय त्याच्या अलीकडचा आहे : कोणते काम, किती प्रमाणात आणि कोणत्या क्रमाने करायचे, हे संस्थेने कधी आणि कशाच्या आधारे ठरवावे.

अंदाजपत्रकाच्या रीती

अंदाजपत्रक म्हणजे येत्या वर्षातील संभाव्य जमा आणि संभाव्य खर्च यांचे पत्रक. लहान संस्थांत ते बाबनिहाय असते, म्हणजे मानधन, भाडे, छपाई, प्रवास अशा बाबी एकाखाली एक लिहून गेल्या वर्षीच्या आकड्यांत पाच-दहा टक्के भर घातली जाते. ही रीत सोपी आहे, परंतु कोणत्या कामावर किती पैसा पडतो हे तीत दिसत नाही आणि एकदा सुरू झालेले काम चालू ठेवायचे की नाही हा प्रश्न कधी विचारलाच जात नाही. कार्यक्रमनिहाय रीतीत अभ्यासिकेचा, शिवणवर्गाचा आणि शिबिरांचा खर्च स्वतंत्र मांडला जातो. शून्याधारित रीतीत त्याही पुढे जाऊन प्रत्येक कामाला दरवर्षी नव्याने आपली आवश्यकता सिद्ध करावी लागते. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १९८६ मध्ये महाराष्ट्र शासनाने ‘झीरो बजेट’ या नावाने हीच रीत स्वीकारली होती. ती दरवर्षी काटेकोरपणे राबविणे लहान संस्थेच्या आवाक्यातले नाही, तरी तीन वर्षांतून एकदा प्रत्येक कामाची अशी फेरतपासणी करणे तिला जड जाऊ नये.

धोरणात्मक अंदाजपत्रक ही या तिन्हींहून निराळी चौथी रीत नव्हे. संस्थेने पुढील दोन-तीन वर्षांत काय साधायचे हे आधी ठरवावे, त्या कामाचा पूर्ण खर्च काढावा, मग कोणता पैसा त्या खर्चाला लागू पडतो हे पाहावे आणि जिथे मेळ बसत नाही तिथे काम कमी करायचे की पैसा वाढवायचा याचा निर्णय लेखी करावा, असा हा क्रम आहे. प्रत्यक्षात क्रम बहुधा उलटा असतो : एखादी कंपनी संगणक-प्रशिक्षणाला पैसे देणार असल्याचे कळते, प्रस्ताव तयार होतो आणि संस्थेचे काम त्या प्रस्तावाच्या आकाराचे होते. अंथरूण पाहून पाय पसरावेत हा विश्वस्तांचा जुना आणि शहाणपणाचा नियम आहे. मात्र या पट्ट्यात अंथरूण किती लांबीचे आहे हे वर्ष सुरू होऊन चार-पाच महिने उलटेपर्यंत समजत नाही, आणि सगळी अडचण तिथेच आहे.

कायद्याची चौकट

महाराष्ट्रातील बहुतेक संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि त्याचबरोबर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली अशा दोन्हींकडे नोंदलेल्या असतात. या दुसऱ्या कायद्याच्या कलम ३१-अ नुसार ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक उत्पन्न असलेल्या न्यासाच्या विश्वस्तांनी हिशेबी वर्ष सुरू होण्यापूर्वी किमान एक महिना अंदाजपत्रक धर्मादाय आयुक्तांकडे सादर करावयाचे असते, आणि त्यात न्यासाच्या उद्दिष्टांसाठी तसेच मालमत्तेच्या जतन-दुरुस्तीसाठी पुरेशी तरतूद असावी अशी अपेक्षा आहे. हिशेबी वर्ष १ एप्रिलला सुरू होत असल्याने ही मुदत फेब्रुवारीअखेर येते. व्यवहारात अनेक ठिकाणी हे पत्रक लेखापरीक्षकाच्या कार्यालयात, मागील वर्षाचे आकडे थोडे फिरवून, विवरणपत्रांच्या गठ्ठ्यात भरले जाते आणि विश्वस्त मंडळात त्यावर पाच मिनिटेही चर्चा होत नाही. वस्तुतः उद्दिष्टे आणि मालमत्तेचे जतन या दोन शब्दप्रयोगांत धोरणात्मक अंदाजपत्रकाचा गाभा आलेला आहे, कारण पहिला वर्षाच्या कामाचा विचार करायला लावतो आणि दुसरा पुढच्या अनेक वर्षांचा. याच कायद्यानुसार कर्ज काढण्यासाठी किंवा स्थावर मालमत्ता विकण्यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, त्यामुळे एखाद्या उद्योगाप्रमाणे बँकेकडून खेळते भांडवल उचलून तूट भागविण्याचा मार्ग संस्थेला सहजी खुला नसतो.

प्राप्तिकर कायद्याचा रोख वेगळा आहे. १९६१ च्या कायद्यात घडलेल्या आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या २०२५ च्या नव्या कायद्यात मूळ स्वरूपात कायम राहिलेल्या व्यवस्थेनुसार नोंदणीकृत संस्थेने वर्षाच्या उत्पन्नातील ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्च केली तर करमाफी मिळते आणि उरलेली १५ टक्के रक्कम ती कोणतेही कारण न देता बाजूला ठेवू शकते. त्यापेक्षा अधिक रक्कम साठवायची असल्यास विशिष्ट हेतू जाहीर करून ती पाच वर्षांपर्यंत राखता येते. अलीकडच्या दुरुस्त्यांनी चौकट घट्ट केली : २०२१ पासून मागील वर्षाची तूट पुढील वर्षाच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही, तर २०२२ पासून जो खर्च प्रत्यक्ष चुकता झाला तोच त्या वर्षाचा खर्च मानला जातो. म्हणून ३१ मार्चला देणे राहिलेली बिले आता निव्वळ हिशेबनिसाची बाब राहिलेली नाहीत, त्यांवर करमाफीचे गणित अवलंबून असते. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थांवर यापेक्षाही कडक मर्यादा आहे, कारण परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची कमाल मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली आणि मिळालेला निधी दुसऱ्या संस्थेकडे वळविण्यास बंदी घातली.

कायद्यानेच अंदाजपत्रकाचा एक भाग बांधून दिल्याचे उदाहरण धर्मादाय रुग्णालयांत सापडते. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी ठेवाव्या लागतात, आणि एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीच्या स्वतंत्र खात्यात जमा करावी लागते. उद्दिष्टाचा वाटा शिल्लक उरेल तेव्हा पाहू असे न म्हणता आधीच वेगळा काढायचा, हे या योजनेचे तत्त्व रुग्णालयांबाहेरच्या संस्थांनीही घेण्यासारखे आहे.

उद्योगांचा पैसा आणि त्याची चाल

कंपनी कायदा २०१३ चे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले आणि या पट्ट्यातील संस्थांच्या जमाखर्चाचे रूप पालटले. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी रुपये, उलाढाल १,००० कोटी रुपये किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक असेल तिने मागील तीन आर्थिक वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी, आणि कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे हे कलम सांगते. सीएसआर या नावाने रूढ झालेल्या या खर्चामुळे चाकण-भोसरीचा परिसर ज्या संस्थांच्या कार्यक्षेत्रात येतो, त्यांना इतर जिल्ह्यांतील संस्थांच्या तुलनेने अनुकूल स्थान मिळाले. त्यातही मोठ्या वाहन कंपन्यांइतकेच लक्ष त्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या मध्यम उद्योगांकडे देणे फायद्याचे ठरते. ५ कोटींच्या आसपास नफा टिकविणाऱ्या अशा उद्योगाचे दायित्व वर्षाला सुमारे १० लाख रुपये होते, दायित्व ५० लाखांच्या आत असल्यास वेगळी सीएसआर समिती नेमण्याची सक्तीही नसते आणि निर्णय थेट संचालक मंडळात होतो.

तीन वर्षांच्या सरासरीच्या नियमाचा परिणाम पुरेसा ध्यानात घेतला जात नाही. एखाद्या कंपनीचा नफा सलग तीन वर्षे ३० कोटी असेल तर तिचे दायित्व ६० लाख रुपये येते. पुढच्या वर्षी वाहनउद्योगात मंदी येऊन नफा १५ कोटींवर आला, तर त्यानंतरच्या वर्षाची सरासरी २५ कोटी आणि दायित्व ५० लाख होईल. मंदी आणखी एक वर्ष टिकल्यास ते ४० लाखांवर उतरेल, आणि कारखान्यात पुन्हा तीन पाळ्या सुरू झाल्या तरी संस्थांना मिळणारा पैसा काही काळ आटलेलाच राहील. म्हणजे मंदीचा फटका संस्थेला उशिरा बसतो, पण तो रेंगाळतो. याची उजवी बाजू अशी की हा फटका आधी मोजता येतो : ज्या तीन-चार कंपन्यांवर संस्था अवलंबून आहे त्यांच्या वार्षिक अहवालांतील नफ्याचे आकडे दरवर्षी एका तक्त्यात उतरविले, तर पुढील वर्षाच्या देणगीचा बराचसा विश्वसनीय अंदाज कोणत्याही तज्ज्ञाशिवाय बांधता येतो. अर्थात कंपनीचे एकूण दायित्व कळले म्हणून आपला वाटा कळला असे होत नाही. मार्च २०२० मध्ये करोनाकाळात पीएम केअर्स निधीला दिलेली देणगी सीएसआरमध्ये धरली जाईल असे सरकारने स्पष्ट केले, तेव्हा स्थानिक कामांना एकाएकी एक मोठा स्पर्धक उभा राहिला.

जानेवारी २०२१ च्या दुरुस्त्यांनी या पैशाची शिस्त वाढविली. पैसा घेणाऱ्या संस्थेला त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे स्वतंत्र नोंदणी आवश्यक झाली. चालू प्रकल्पातील न खर्चलेली रक्कम कंपनीने वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकून तीन वर्षांत वापरावी असे ठरले, तर चालू प्रकल्प नसल्यास उरलेली रक्कम सरकारी निधीकडे जाऊ लागली. चालू प्रकल्प म्हणजे एकाहून अधिक वर्षांचा, परंतु आरंभीचे वर्ष सोडून तीन वर्षांपलीकडे न जाणारा प्रकल्प. अनेक संस्था आजही एकेका वर्षाचेच प्रस्ताव देतात आणि मार्चअखेरीच्या धावपळीत पैसे संपविण्यासाठी साहित्य खरेदी करतात. या तरतुदीचा आधार घेऊन तीन वर्षांचे अंदाजपत्रक मांडले तर कंपनीचीही सोय होते आणि शिक्षिकांना दर मार्चमध्ये नोकरीची धाकधूक राहत नाही.

पूर्ण खर्च म्हणजे काय

देणगीदार कार्यक्रमाला पैसे देतो, कार्यालयाला देत नाही, ही तक्रार जुनी आहे. २००९ मध्ये ॲन गॉगिन्स ग्रेगरी आणि डॉन हॉवर्ड या अमेरिकी अभ्यासकांनी तिला उपासमारीचे चक्र म्हटले : देणगीदार व्यवस्थापन-खर्च अवास्तव कमी असावा अशी अपेक्षा ठेवतो, संस्था तो कमी दाखविते, त्या कमी आकड्यावरून अपेक्षा आणखी उतरते आणि संस्था आतून पोखरत जाते. सीएसआरच्या नियमांतील ५ टक्के प्रशासकीय खर्चाची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या खर्चाला आहे. अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेच्या खर्चाला ती लागू नाही. तरीही बोलणी करताना ती संस्थेच्या माथी मारली जाते आणि नियम ठाऊक नसल्याने संस्थाही ती मान्य करते.

पुणे परिसरातील संस्थांच्या इतिहासात या चक्राला एक देशी मूळही आहे. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी वीस वर्षे अल्प वेतनावर शिकविण्याचे व्रत घेतले, आणि सरकारी अंदाजपत्रकाची चिरफाड करण्यात ज्यांचा हात धरणारा विधिमंडळात कोणी नव्हता ते गोपाळ कृष्ण गोखले याच परंपरेत वाढून १९०५ मध्ये भारत सेवक समाज स्थापन करते झाले. रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने मोडले. या त्यागाने संस्था उभ्या राहिल्या यात शंका नाही, परंतु न घेतलेले वेतन आणि मोडलेले दागिने कोणत्याही पत्रकात खर्च म्हणून दिसत नाहीत, आणि म्हणून पुढच्या पिढीला ते काम मूळ खर्चापेक्षा स्वस्त वाटते. आजही अनेक संस्थांत संस्थापकाचे घर हेच कार्यालय आणि त्याची पत्नी हीच बिनपगारी हिशेबनीस असते. पत्रकात या सेवेची बाजारभावाने किंमत धरून तेवढीच रक्कम जमेच्या बाजूस वस्तुरूप देणगी म्हणून दाखविली, तर शिलकीत फरक पडत नाही, पण ती व्यक्ती थांबल्यावर किती पैसा उभा करावा लागेल हे मंडळाला आजच दिसते.

पूर्ण खर्च काढण्याची रीत एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. पिंपळे गुरव आणि सांगवी परिसरात एक संस्था तीन ठिकाणी मिळून १२० मुलांसाठी अभ्यासिका चालविते असे समजावे. सहा शिक्षिकांना दरमहा १२,००० रुपये मानधन धरता वर्षाचे ८,६४,००० रुपये, तीन खोल्यांचे दरमहा १५,००० प्रमाणे भाडे ५,४०,००० रुपये, आणि वह्या-पुस्तके व खाऊ १,९६,००० रुपये, असा थेट खर्च १६ लाख रुपये होतो. तिच्या शिवणवर्गाचा थेट खर्च ८ लाख आहे. समन्वयक, अर्धवेळ हिशेबनीस, लेखापरीक्षण, फोन, वीज आणि प्रवास हा सामाईक खर्च ६ लाख आहे. सामाईक खर्च थेट खर्चाच्या प्रमाणात, म्हणजे दोनास एक असा, वाटला तर अभ्यासिकेवर ४ लाख आणि शिवणवर्गावर २ लाख पडतात. अभ्यासिकेचा पूर्ण खर्च मग २० लाख ठरतो आणि एका मुलामागे तो १३,३३३ रुपये नसून १६,६६७ रुपये येतो. एखाद्या कंपनीने थेट खर्च अधिक ५ टक्के असे १६,८०,००० रुपये देऊ केले, तर ही देणगी घेताक्षणी संस्था ३,२०,००० रुपयांच्या तुटीत जाते. ही तूट कोठून भरायची याचे उत्तर करारावर सही करण्यापूर्वी हवे. उत्तर सापडत नसेल तर दोनच अभ्यासिका चालवाव्यात; आणि छोट्या रकमेसाठी दरमहा छायाचित्रे, त्रैमासिक अहवाल व स्वतंत्र लेखापरीक्षण मागणारा निधी नाकापेक्षा मोती जड ठरत असेल तर तो नम्रपणे नाकारावा.

पैसा हाती येण्याची वेळ

अंदाजपत्रक वर्षाअखेर जुळले तरी संस्था मध्येच अडखळू शकते, कारण जमा आणि खर्च यांचे महिने वेगवेगळे असतात. कंपनीचे हिशेब मार्चनंतर पूर्ण होतात, नफ्याचे आकडे निश्चित झाल्यावर खर्चाचा आराखडा मंजूर होतो, मग प्रस्तावांची छाननी, करार आणि पहिला हप्ता. वरील उदाहरणात पहिला हप्ता सप्टेंबरच्या आरंभी आला असे धरले, तर एप्रिल ते ऑगस्ट या पाच महिन्यांत शिक्षिकांचे मानधन (७२,०००), भाडे (४५,०००) आणि सामाईक खर्च (५०,०००) मिळून दरमहा १,६७,००० प्रमाणे ८,३५,००० रुपये हातातून गेलेले असतात, आणि शिवणवर्ग व वह्या-पुस्तके यांचा खर्च त्याहून वेगळा. निवासी संस्थेत ही जोखीम अधिक तीव्र असते. गिरीश प्रभुणे यांच्या प्रेरणेने चिंचवडगावात उभ्या राहिलेल्या पुनरुत्थान समरसता गुरुकुलम्‌सारख्या ठिकाणी भटक्या-विमुक्त समाजांतील मुले राहतात, आणि अशा कोणत्याही संस्थेत स्वयंपाकघर हप्त्याची वाट पाहत थांबू शकत नाही. म्हणून वार्षिक पत्रकासोबत बारा रकान्यांचा रोकड-तक्ता असणे आवश्यक ठरते, ज्यात प्रत्येक महिन्याची आरंभीची शिल्लक, अपेक्षित जमा, अटळ खर्च आणि अखेरची शिल्लक मांडली जाते. ज्या महिन्यात शिल्लक उणे दिसते तो महिना सहा महिने आधी कळला, तर करारात पहिला हप्ता मोठा मागता येतो, घरमालकाशी आधी बोलता येते किंवा नवा वर्ग जूनऐवजी दिवाळीनंतर सुरू करता येतो.

गंगाजळीचा प्रश्न

ही दरी भरून काढणारा पैसा म्हणजे मुक्त राखीव निधी, म्हणजेच कोणत्याही देणगीदाराने विशिष्ट कामाला न बांधलेली शिल्लक. कायम निधी त्याहून वेगळा : तो देणगीदाराच्या लेखी सूचनेनुसार मुद्दल न मोडता गुंतवायचा असतो आणि खर्चाला त्याचे व्याजच मिळते. विश्वस्तांमध्ये गंगाजळीविषयी संकोच आढळतो, कारण शिल्लक दिसली तर देणगीदार हात आखडता घेईल अशी भीती असते. प्राप्तिकराच्या १५ टक्क्यांच्या सवलतीमुळे ती उभारण्यास कायदेशीर वाव मात्र आहे. वरील संस्थेचे वार्षिक उत्पन्न ३० लाख धरले तर ती वर्षाला ४,५०,००० रुपयांपर्यंत रक्कम बाजूला ठेवू शकते, आणि तीन महिन्यांच्या खर्चाइतका, म्हणजे साडेसात लाखांचा निधी कागदावर दोन वर्षांत उभा राहतो. प्रत्यक्षात बांधील देणगीतून काहीच उरत नसल्याने हा निधी दुसऱ्या वाटेने यावा लागतो : सोसायट्यांतील मासिक वर्गणीदार, वाढदिवस आणि स्मृतिदिनाच्या देणग्या, शिवणवर्गाच्या उत्पादनांची विक्री, पिंपळे गुरवच्या निळू फुले रंगमंदिरात भरविलेला निधी-संकलनाचा प्रयोग. हे पैसे रकमेने लहान असले तरी बांधलेले नसल्याने त्यांचे मोल अधिक असते. नियमित वर्गणीतून आलेले एक लाख रुपये संस्थेला जी मोकळीक देतात ती प्रकल्पाला जखडलेले पाच लाख देऊ शकत नाहीत. म्हणून धोरणात्मक अंदाजपत्रकात जमेची बाजू दात्यांच्या नावांनी न मांडता बांधील आणि मुक्त अशा दोन रकान्यांत मांडावी.

विश्वस्त मंडळाचे काम

या सर्व विवेचनातून एक गोष्ट पुढे येते. धर्मादाय कायदा फेब्रुवारीअखेर अंदाजपत्रक मागतो, शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते, कंपनीचा होकार त्यानंतर येतो आणि प्राप्तिकर कायदा ३१ मार्चला हिशेब बंद करतो; ही चार वेळापत्रके एकमेकांशी जुळावीत अशी कोणतीही यंत्रणा नाही आणि ती लवकर निर्माण होण्याची शक्यताही दिसत नाही. परिणामी या पट्ट्यातील संस्थेला कामाचा निर्णय पैशाची खात्री होण्यापूर्वीच करावा लागतो. तो टाळता येत नसेल तर तो जाणीवपूर्वक करावा, आणि त्यासाठी जानेवारीतील सभेत तीन पर्याय मंजूर करून ठेवण्याची रीत उपयुक्त ठरते. खात्रीच्या पैशात काय चालेल हा पहिला पर्याय, अपेक्षित देणग्या आल्या तर काय वाढेल हा दुसरा आणि मोठा देणगीदार मागे सरला तर कोणते काम आधी थांबेल हा तिसरा. यातील तिसरा पर्याय लिहिणे सर्वांत अवघड जाते, कारण त्यात एखाद्या सहकाऱ्याच्या आवडत्या उपक्रमाचे नाव येते. पण तो लिहिलेला नसेल तर निर्णय सप्टेंबरमध्ये रिकामे बँकखाते करते आणि बहुधा सर्वांत गरजू लोकांचे काम आधी बंद पडते, कारण त्यांच्या वतीने सभेत बोलणारे कोणी नसते. कलम ३१-अ खालील पत्रक हे तीन पर्याय जोडून, मंडळाच्या ठरावासह भरले गेले, तर लेखापरीक्षकाकडे चाललेला एक कागद विश्वस्तांच्या हाती परत येईल, आणि त्यासाठी नवा कायदा, नवा निधी किंवा नवे सॉफ्टवेअर यांपैकी कशाचीही गरज नाही.